शिष्यवृत्ती आणि वृत्ती: जॉर्जियातल्या ‘होप’ योजनेची चिकित्सा

  

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायाच्या कल्पनेबद्दल बोललो. तेव्हा काही श्रोत्यांनी तक्रार केली की सर फार हवेत बोलतात, एखादी जमिनीवरची गोष्ट घ्या. तक्रार रास्त आहे. म्हणून आज मी एक अगदी जमिनीवरची गोष्ट घेतली आहे. एका सरकारी शिष्यवृत्तीचे नियम. पात्र कसं व्हायचं आणि मिळालेली शिष्यवृत्ती टिकवायची कशी, एवढाच विषय. पण त्या नियमांत तत्त्वज्ञानाचे चार-पाच जुने प्रश्न दडलेले आहेत, आणि ते उकरून काढणं हा माझा धंदा आहे.

निमित्त घरातलंच आहे. माझा पुतण्या अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. त्याच्याकडे मी तीन महिने राहून आलो. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, तिथल्याच एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिला राज्याची शिष्यवृत्ती आहे. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “आजोबा, मला तत्त्वज्ञानाचा एक वरच्या पातळीचा वर्ग घ्यायचा होता. पण मी तो सोडला.” मी म्हटलं, का गं? म्हणाली, “ते सर फार कडक आहेत. तिथे सी मिळाला तर माझी ‘होप’ जाईल.”

होप म्हणजे आशा. तिच्या तोंडून ते वाक्य इतक्या सहज आलं, की तिला त्यातला दुसरा अर्थ जाणवलाही नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची नात तत्त्वज्ञानाचा वर्ग सोडते, आणि कारण काय, तर हुशार मुलांसाठी असलेली शिष्यवृत्ती! मग मी त्या योजनेची माहिती घेत बसलो. आजचं व्याख्यान त्यातून तयार झालं आहे.

आधी योजना काय ते सांगतो. घाईने टीका करायची नाही, हा आपला नियम आहे.

झेल मिलर नावाचे गव्हर्नर होते. त्यांनी राज्यात लॉटरी सुरू करायची आणि तिचं उत्पन्न शिक्षणासाठी राखून ठेवायचं, अशी कल्पना मांडली. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर सार्वमत झालं, लोकांनी होकार दिला, १९९३ मध्ये लॉटरी सुरू झाली आणि त्याच वर्षी शिष्यवृत्तीही. नाव ‘होप’. ‘हेल्पिंग आउटस्टँडिंग प्युपिल्स एज्युकेशनली’ याची ती आद्याक्षरं. राज्यातल्या माध्यमिक शाळेतून सरासरी बी श्रेणी घेऊन, म्हणजे चारपैकी ३.० गुणांकन घेऊन, जो बाहेर पडेल त्याची राज्यातल्या महाविद्यालयातली शिकवणी फी सरकार भरणार. ही कल्पना इतकी लोकप्रिय झाली की पुढच्या दहा वर्षांत फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी अशा अनेक राज्यांनी आपापल्या परीने तिच्यासारख्या योजना आणल्या.

आता टिकवण्याचे नियम. महाविद्यालयातही गुणांकन ३.० च्या खाली जाता कामा नये. तपासणी केव्हा होते? ३०, ६० आणि ९० क्रेडिट झाल्यावर, आणि शिवाय दर वर्षी वसंत सत्राच्या शेवटी. ३० क्रेडिट म्हणजे साधारण एका वर्षाचा अभ्यास. २.९९ म्हणजे ३.० नव्हे. गेलेली शिष्यवृत्ती पुढच्या क्रेडिटच्या टप्प्यावर गुण सुधारले तर परत मिळते, पण एकदाच. दुसऱ्यांदा गेली की कायमची गेली. एकूण मर्यादा १२७ क्रेडिटची, आणि त्यात तुम्ही मध्येच सोडून दिलेला वर्गही मोजला जातो.

२०११ मध्ये पैसा अपुरा पडायला लागला. तेव्हा योजनेचे दोन थर झाले. वरच्या थराला झेल मिलर यांचंच नाव दिलं. त्यासाठी शाळेत ३.७ गुणांकन, शिवाय एसएटी किंवा एसीटी या परीक्षांत ठरलेले गुण, आणि महाविद्यालयात ३.३ टिकवायचं. या थराला पूर्ण फी. खालच्या थराला, म्हणजे साध्या ‘होप’ला, फीचा काही भागच. हा फरक २०२३ पर्यंत चालला, मग साध्या ‘होप’लाही पूर्ण फी मिळू लागली.

आता या योजनेच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलू. कारण ते खरोखर भक्कम आहे.

आपल्याकडे पूर्वी शिष्यवृत्ती म्हणजे काय होतं? कुणा दात्याची मर्जी. संस्थानिकाची, शेटजींची, ट्रस्टच्या कारभाऱ्यांची. पोराने जायचं, हात जोडून उभं राहायचं, शिफारसपत्र दाखवायचं. दाता थोर असला तर भाग्य उजळायचं, नसला तर दार बंद. ‘होप’ने ही मर्जी काढून टाकली आणि तिच्या जागी नियम ठेवला. चौदा वर्षांच्या मुलाला आज कळतं की अमुक गुण मिळाले तर माझी फी भरली जाणार. कुणापुढे वाकायचं नाही, कुणाचे उपकार नाहीत. बापाचं आडनाव कुणी विचारत नाही. नियमाने मिळणाऱ्या गोष्टीत एक स्वाभिमान असतो, आणि त्याची किंमत ज्यांनी दात्याच्या दारात ताटकळत वेळ काढला आहे त्यांना कळते. शिवाय नियम सोपा आहे. एका वाक्यात सांगता येतो. सरकारी योजना एका वाक्यात सांगता येणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडचे अर्ज आणि त्यांना जोडायचे दाखले आठवा म्हणजे पटेल.

या योजनेमुळे जॉर्जियात महाविद्यालयात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि हुशार मुलं राज्यातच शिकायला राहिली, असं अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा योजना फसली असं मी म्हणत नाही. माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप: पैसा कुणाचा आणि जातो कुणाकडे.

लॉटरीचं तिकीट कोण काढतं? आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या स्टॉलसमोर कोण उभं असायचं ते माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलंय. डॉक्टर, वकील त्या रांगेत क्वचितच दिसायचे. अमेरिकेतही तसंच आहे. लॉटरीवरचा खर्च गरीब माणसाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा खातो, श्रीमंताच्या उत्पन्नाला तो जाणवतही नाही. म्हणून अर्थशास्त्रात तिला उलट्या उताराचा कर म्हणतात.

आणि मिळतं कुणाला? पहिल्या वर्षी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा होती, ६६ हजार डॉलर. दुसऱ्या वर्षी ती एक लाख केली. १९९५ मध्ये मर्यादाच काढून टाकली. आता कोट्यधीशाच्या मुलालाही मिळते. याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेत गरीब विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचं ‘पेल’ नावाचं अनुदान असतं. सुरुवातीच्या वर्षांत, साधारण २००० पर्यंत, ज्याला ‘पेल’ मिळेल त्याच्या ‘होप’मधून तेवढी रक्कम वजा व्हायची. म्हणजे गरीब मुलाला ‘होप’मधून हातात जवळपास पुस्तकांचे पैसेच उरायचे, आणि सुखवस्तू मुलाला पूर्ण फी. सुझन डायनार्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली त्यावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे: आशा, पण कुणासाठी? त्यांना असं आढळलं की महाविद्यालयात जाणाऱ्यांची संख्या वाढली खरी, पण गोरे आणि काळे, सधन आणि गरीब यांच्यातलं अंतरही वाढलं.

हे वाचताना मला एकदम महात्मा फुले आठवले. तुम्ही म्हणाल, जॉर्जियात फुले कुठून आले? १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात पहिला मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्तीबद्दलही एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. फुल्यांचं म्हणणं असं की स्पर्धेने शिष्यवृत्ती देणं हे तत्त्वतः न्याय्य वाटेल, पण त्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून निम्म्या शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांना द्या.

बघा, किती नेमका विचार आहे. स्पर्धा अन्यायकारक आहे, असं फुले म्हणत नाहीत. तत्त्वतः न्याय्य आहे हे मान्य करून ते विचारतात, या शिष्यवृत्तीचा हेतू काय? हेतू शिक्षण पसरवण्याचा असेल, तर ज्याच्या घरात ते आधीच आहे त्याला आणखी देऊन पसरणार कसं? जॉर्जियातल्या आमदारांनी फुले वाचलेले नाहीत. पण एकशे अकरा वर्षांनी त्यांनी नेमकी तीच योजना केली जिच्यातला दोष फुल्यांनी आधीच दाखवून ठेवला होता.

दुसरा आक्षेप: गुणवत्ता म्हणजे काय?

मराठीत ‘गुण’ या शब्दाने फार घोटाळा करून ठेवला आहे. माणसाचे गुण, आणि परीक्षेतले गुण. पोरगं गुणी आहे म्हणजे चांगल्या स्वभावाचं आहे, आणि त्याला गुण चांगले आहेत म्हणजे ऐंशी टक्के आहेत. दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे ‘गुणवत्ता यादी’ म्हटलं की वाटतं, या यादीत गुणी मुलं आहेत. बोर्डाने ती यादी पुढे बंद केली ते बरंच झालं.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली. जन्मतः मिळालेली बुद्धी, घर, आईबाप, हे सगळं एखाद्या सोडतीसारखं आहे. कुणी ते कमावलेलं नसतं. इतकंच काय, मेहनत करण्याची सवयसुद्धा बऱ्याच अंशी घरातून येते. म्हणून आपल्या यशावर नैतिक हक्क सांगताना जरा थांबा, असं रॉल्स म्हणतात. मला वर्गात हे शिकवताना नेहमी उदाहरण शोधावं लागायचं. जॉर्जियाने ते आयतं करून ठेवलं आहे. तिथे निसर्गाच्या सोडतीत जिंकलेल्याला सरकारच्या सोडतीत हरलेल्याचे पैसे मिळतात. एवढं करून त्याला सांगायचं की हे तू स्वतः कमावलंस.

हा शेवटचा भाग जास्त घातक आहे. मायकल यंग या समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये गुणवत्तेच्या राज्याबद्दल एक उपरोधिक पुस्तक लिहिलं. गंमत अशी की उपरोध विसरला गेला आणि ‘मेरिटोक्रसी’ हा शब्द कौतुकाचा झाला. मायकल सँडेल यांनी २०२० मध्ये हाच धागा पुन्हा उचलला. जिंकणाऱ्याला गर्व आणि हरणाऱ्याला शरम, ही गुणवत्तेच्या राज्याची दोन फळं, असं त्यांच्या म्हणण्याचं सार.

त्याच लॉटरीच्या पैशातून जॉर्जियात आणखी एक योजना चालते. चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवर्ग. तिथे आईबापांच्या उत्पन्नाची अट नाही, आणि गुणांची तर नाहीच. चार वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही की तू लायक आहेस का. मूल आहे, एवढं पुरतं. मग अठराव्या वर्षी असं काय होतं की तेच मूल लायकी सिद्ध केल्याशिवाय त्याच तिजोरीतून मदत मागू शकत नाही? तुम्ही म्हणाल, अठराव्या वर्षी माणूस जबाबदार होतो. कबूल. पण ज्या गुणांवर निर्णय होतो ते चौदाव्या ते सतराव्या वर्षातले आहेत, आणि ते ज्या शाळेत मिळाले ती शाळा त्याने निवडलेली नाही.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो. माझ्या नातीची एक मैत्रीण आहे, मराठीच. ती तीन वर्षांची असताना आईबापांबरोबर तिथे गेली. नातीपेक्षा तिचे गुण जास्त. पण वडील एच-वन-बी व्हिसावर, ती एच-फोरवर. ग्रीन कार्डची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी इतकी लांब आहे की मुलं एकवीस वर्षांची होतात आणि आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. ‘होप’साठी नागरिकत्व किंवा कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना यांसारखा दर्जा लागतो. एच-फोर त्यात बसत नाही. म्हणजे गुणवत्तेची तपासणी सुरू होण्याआधी एक दरवाजा आहे, आणि त्या दरवाज्यावर कुणी गुण विचारत नाही. राज्याने आपल्या नागरिकांना आधी पाहावं, याला माझी हरकत नाही. पण मग योजनेला गुणवत्तेची योजना म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा.

तिसरा आक्षेप टिकवण्याबद्दलचा आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा.

आपण एक छोटं गणित करू. कागद-पेन्सिल घ्या हवं तर. पहिल्या वर्षी दहा विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट, एकूण तीस. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. समजा एका मुलीला आठ विषयांत बी, एकात ए, एकात सी. बेरीज? आठ बीचे ७२, एचे १२, सीचे ६. एकूण ९०. भागिले तीस, बरोबर ३.०. शिष्यवृत्ती राहिली. आता तो एक ए घसरून बी झाला. नऊ बीचे ८१, सीचे ६, एकूण ८७. भागिले तीस, २.९. शिष्यवृत्ती गेली. दहातल्या एका विषयातली एक पायरी. ताप आला, प्रश्नपत्रिका अवघड निघाली, घरात कुणी आजारी पडलं, काहीही कारण असेल.

पुढे ऐका. साठ क्रेडिटला परत ३.० व्हायचं तर बेरीज १८० हवी. जवळ ८७ आहेत. म्हणजे दुसऱ्या वर्षी ९३ हवेत, सरासरी ३.१. जे पहिल्या वर्षी फी भरलेली असताना जमलं नाही, त्याहून जास्त आता फी स्वतःच्या खिशातून भरत, बहुधा संध्याकाळी कुठेतरी काम करत, करून दाखवायचं. श्रीमंत घरच्या मुलीचे वडील चेक फाडतात आणि गोष्ट संपते. गरीब मुलगी घरी जाते. नियम दोघींना सारखाच आहे, परिणाम मात्र अजिबात सारखा नाही.

पण हे झालं ज्यांची गेली त्यांचं. ज्यांची टिकली त्यांचं काय होतं? ‘शिष्यवृत्ती’ शब्दाकडे बघा. संस्कृतात वृत्ती म्हणजे उपजीविकेचं साधन. शिष्याच्या निर्वाहाची सोय ती शिष्यवृत्ती. पण मराठीत वृत्ती म्हणजे मनाचा कल, स्वभाव. माझा आजचा मुद्दा या दोन अर्थांच्या मधला आहे. शिष्याला पोसणारी वृत्ती त्याच्या मनाच्या वृत्तीचं काय करते?

जॉर्जियातल्याच अर्थशास्त्रज्ञांनी, कॉर्नवेल, ली आणि मस्टर्ड यांनी, २००५ मध्ये टिकवण्याच्या नियमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की शिष्यवृत्तीमुळे विद्यार्थी एका सत्रात कमी विषय घ्यायला लागले, अवघड चाललेले वर्ग मध्येच सोडायला लागले आणि काही विषय उन्हाळी सत्राकडे ढकलायला लागले. मुलं आळशी झाली असं नाही. मुलं शहाणी होती. नियमाने जे मोजलं ते त्यांनी जपलं. पुढे असंही दिसलं की अशा योजनांमुळे विज्ञान-गणिताच्या शाखांकडचा ओढा कमी झाला, कारण तिथे गुण कंजूषपणे मिळतात. मग राज्याने काय केलं? २०१७ पासून विज्ञान, तंत्रज्ञान, गणिताच्या ठरावीक विषयांत बी, सी, डी मिळाला तर अर्धा गुण वाढवून धरायचा. म्हणजे सरकारने स्वतःच कबूल केलं की आपला नियम मुलांना अवघड विषयापासून पळवत होता. ठिगळ मात्र विज्ञानापुरतंच लावलं. तत्त्वज्ञानाला अर्धा गुण नाही. माझ्या नातीने वर्ग सोडला तो म्हणूनच!

आता कुणी म्हणेल, अट काढलीत तर मुलं अभ्यासच करणार नाहीत. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. वेस्ट व्हर्जिनियाचं उदाहरण घेऊ. तिथे ‘प्रॉमिस’ नावाची अशीच योजना आहे. तिच्यात गुणांबरोबर दुसरी अट होती: वर्षाला तीस क्रेडिट पूर्ण करा. आणि गुणांची अट पहिल्या वर्षी २.७५, नंतर ३.०. जुडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या अभ्यासात दिसलं की तिथली मुलं पूर्ण ओझं घ्यायला लागली आणि वेळेत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. म्हणजे अट काम करते, हे खरंच. पण ती तुम्ही जे मोजाल तिकडे मुलाला वळवते. गुणांचा आकडा मोजलात तर मूल आकडा राखतं. पुढे जाणं मोजलंत तर मूल पुढे जातं. तेव्हा अट असावी की नसावी हा वाद मला गौण वाटतो. मूल कुठल्या दिशेला वळावं असं तुम्हाला वाटतं, ते आधी ठरवा.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी जाहीरपणे कधी सांगितली नाही. मी शिकवत होतो तेव्हा दर वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचे अर्ज सहीला यायचे. एका वर्षी एक मुलगा आला. त्याला एका शिष्यवृत्तीसाठी ठरावीक टक्के हवे होते आणि माझ्या विषयाचे अंतर्गत गुण दोनने कमी पडत होते. तो काही बोलला नाही. नुसता उभा राहिला. चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो पायाने दाबून धरला होता. मी दोन गुण वाढवले. पुढच्या वर्षी एक मुलगी आली, तिलाही दोनच कमी. तिने रीतसर विनंती केली, आणि मला वाटलं की आता ही सवयच होईल. मी नाही म्हटलं. ती पुढच्या वर्षी दिसली नाही.

आज मी त्या दोघांपैकी कुणाबाबत चुकलो? अनेक वर्षं विचार करतोय. मुलाला गुण देताना मी खोटं बोललो, आणि मुलीला नाकारताना खरं बोललो. पण खऱ्या-खोट्याचा तो प्रश्नच नव्हता. माझ्या हातात शिक्षकाची पेन्सिल होती, आणि नियमाने तिची तिजोरीची किल्ली केली होती. शिक्षकाने दिलेला सी म्हणजे “इथे तुझं कच्चं आहे, पुन्हा बघ” असा निरोप असतो. त्या सीला हजारो डॉलर बांधले की तो निरोप मुलापर्यंत पोचत नाही, पोचतो तो दंड. आणि शिक्षकही मग एकतर ढिला होतो किंवा निष्ठूर. जॉर्जियातल्या त्या कडक प्राध्यापकाबद्दल मला आदर वाटतो, पण त्याच्या जागी मी असतो तर कडक राहिलो असतो का, खात्री नाही.

शेवटचं उदाहरण आपल्या घरातलं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी नोंदवलेले गुण आहेत ७५० पैकी २८२. तेव्हा गुण आजच्यासारखे वाटत नसत, हे लक्षात घ्या. आणि तरीही, कुठल्याही काळातल्या गुणवत्तेच्या रेघेवर हा आकडा वर दिसला नसता. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण मधलं एक विसरलं जातं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. १९२० मध्ये स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर ते परत गेले.

याचा अर्थ सयाजीरावांची मर्जी बरी आणि नियम वाईट, असा मी काढत नाही. मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेत एक भीमराव पोचतो आणि किती जण दारातच राहतात याची मोजदाद नसते. माझा अर्थ इतकाच की रेघ खाली काय आहे ते बघू शकत नाही. म्हणून रेघ आखणाऱ्याने नम्र असावं.

मग करावं काय? माझे साधे मुद्दे. एक, मिळवण्याची अट आणि टिकवण्याची अट वेगळ्या ठेवा. मिळवणं हे बक्षीस असेल, पण टिकवणं हे निर्वाहाचं साधन आहे. दोन, कडा नको, उतार ठेवा. २.९ वाल्याची सगळी मदत एकदम तोडण्याऐवजी थोडी कमी करा, एक सत्र सावरायला द्या. तीन, पुढे सरकणं मोजा. चार, गरज बघा.

यातलं काही अशक्य आहे असं समजू नका. जॉर्जियातच ‘होप ग्रँट’ नावाची दुसरी शाखा आहे, तंत्रशिक्षणाच्या छोट्या अभ्यासक्रमांसाठी. तिला टिकवण्याची अट २.० होती. २०११ मध्ये ती ३.० केली. हजारो मुलं बाहेर पडली. वेल्डिंग शिकणारी, नर्सिंगची मदतनीस होऊ पाहणारी मुलं. दोन वर्षांत, २०१३ मध्ये, कायदा बदलून अट पुन्हा २.० वर आणावी लागली. बी म्हणजे लायक आणि सी म्हणजे नालायक, ही रेघ कुणी आकाशातून आणलेली नव्हती. माणसांनी आखली होती, आणि माणसांनीच हलवली. तसंच २०२२ मध्ये, पदवीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर पैशाअभावी अडकलेल्यांसाठी गरजेवर आधारलेलं एक छोटं अनुदान राज्याने मंजूर केलं, जास्तीत जास्त अडीच हजार डॉलरचं. तीस वर्षांनी का होईना, दार किलकिलं झालं.

माझ्या नातीला मी काय सांगितलं, असं तुम्ही विचाराल. वर्ग घे, शिष्यवृत्ती गेली तर गेली, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. माझ्या पुतण्याच्या घराचे हप्ते मी भरत नाही. मी तिला एवढंच म्हटलं की तू घाबरट नाहीस, नियम तसा आहे, हे दोन्ही नीट वेगळं ठेव. आणि तो वर्ग तिथे सोडलास तर इथे माझ्याबरोबर कर. तेव्हापासून दर शनिवारी, तिच्याकडे सकाळ आणि माझ्याकडे संध्याकाळ असते तेव्हा, आम्ही दोघं फोनवर प्लेटो वाचतो. मी तिला गुण देत नाही. परवा तिने माझ्या एका युक्तिवादातली चूक काढली. बरोबर होती.

पण सगळ्या मुलांना आजोबा नसतात, आणि सरकारी योजनेतलं भोक घरातल्या म्हाताऱ्याने बुजवावं हे काही धोरण नव्हे. तुमच्या माहितीत कुणी शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी आवडता विषय सोडला असेल, इथे नाहीतर तिथे, तर मला जरूर कळवा. मला त्या मुलांचं ऐकायचं आहे. पुढच्या वेळी आपण ‘लायकी’ या एकाच शब्दावर बोलू.

आज इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.